बेचाळीस गुणांची मावशी

४ सप्टेंबर, सोमवार

अठ्ठावीस शिकाऊ शिक्षक, अठ्ठावीस फॉर्म. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे पाच चौकोन – 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत. उत्क्रांतीबद्दल आणि एकूणच विज्ञान कसं चालतं याबद्दल या उद्याच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना काय वाटतं, ते एकदाचं आकड्यात येईल. मग आठ आठवडे मी शिकवणार, मग पुन्हा हाच फॉर्म. आधी किती, नंतर किती – झाला शोधनिबंध! प्राचार्य म्हणाले, "उत्तम, उत्तम. छापून येऊ द्या, मग विभागप्रमुखाच्या खुर्चीचं बघू." या माणसाच्या टेबलाला आग लागली तरी तो उत्तम, उत्तम म्हणेल.

वाक्यं माझी मीच लिहिली. सहा बरोबर विधानं. बाकी चौदा म्हणजे पंचवीस वर्षांत वर्गात ऐकलेला एकेक मूर्खपणा. 'गरज पडली की प्राण्याला नवा अवयव फुटतो.' 'सिद्धान्त म्हणजे नुसता अंदाज.' 'विज्ञानात एकदा सिद्ध झालं की पुन्हा बदल नाही.' लिहिताना फार मजा आली.

नाव घालू नका, असं सांगितलं. नाव नसलं की माणसं मोकळी होतात. प्रत्येक फॉर्मच्या मागच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने बारीक आकडा टाकून ठेवलाय, बसायच्या क्रमाने. त्यांना तो दिसत नाही. मला दिसतो.

६ सप्टेंबर, बुधवार

बेरजा झाल्या. पूर्ण सहमतला पाच, पूर्ण असहमतला एक, मधल्यांना मधले. वाक्यं पुन्हा वाचत बसायचं कारण नाही, नुसत्या खुणा मोजायच्या. चहा निवायच्या आत अर्धे फॉर्म उरकले.

सरासरी अठ्ठावन्न. म्हणजे अपेक्षेप्रमाणे अंधार.

सगळ्यात वर पहिल्या बाकावरची परीटघडी – शंभरापैकी शंभर! शर्टाला रोज इस्त्री, वहीला कव्हर, माझ्या प्रत्येक वाक्याला मान. मला वाटलंच होतं. आणि सगळ्यात खाली, बेचाळीस गुण, आकडा सव्वीस. शेवटचा बाक, खिडकीकडची जागा. मावशी!

मावशी म्हणजे एकोणचाळीस वर्षांची बाई. वर्गातली बाकीची तेवीस-चोवीसची, त्यांनीच ठेवलेलं नाव. इस्पितळाच्या लॅबमध्ये पंधरा वर्षं मदतनीस होती. तिथे यंत्र आलं आणि हिला नारळ मिळाला. तिथे असतानाच बाहेरून पदवी घेतलेली, आता शिक्षिका व्हायचंय. आपण सरावपाठ घेतो त्याच शाळेत जीवशास्त्राची जागा रिकामी आहे. मुख्याध्यापिकेला ही पसंत आहे, डिसेंबरच्या निकालापर्यंत जागा धरून ठेवते म्हणालीय. घरात कमावणारी ही एकटीच, पदरात शाळकरी मुलगी. हे सगळं प्रवेशाच्या मुलाखतीत तिने स्वतःच सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना.

उत्क्रांती न मानणारी बाई मुलांना जीवशास्त्र शिकवणार! माझ्या हातून पास होऊन! बघू.

१४ सप्टेंबर, गुरुवार

नैसर्गिक निवड शिकवली. परीटघडी डोलत होता. मावशीने हात वर केला. "मॅडम, आमच्या लॅबमध्ये आम्ही जंतूंच्या थाळीवर औषधाची चकती ठेवायचो. औषध चाललं की चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडायचं. मी लागले तेव्हा एका औषधाचं वर्तुळ बाटलीच्या झाकणाएवढं यायचं. नंतर बटणाएवढं झालं. सोडताना तर काहीच पडत नव्हतं. म्हणजे जे जंतू वाचले त्यांचीच..."

मी म्हटलं, "इस्पितळातल्या गप्पा मधल्या सुट्टीत. इथे आपण विज्ञान शिकतोय."

वर्ग हसला. ती बसली. उदाहरण तसं बिनचूक होतं, हे या पानापुरतं कबूल. पण बेचाळीस गुणांच्या माणसाकडे असलं उदाहरण येतं कुठून? कुठल्या तरी मासिकात वाचलं असणार. पोपटपंची! आकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे, तो काही खोटं बोलत नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून तास संपला की सूक्ष्मदर्शकं पुसून पेटीत ठेवायचं काम मावशीकडे. "तुम्हाला सवय आहे," म्हटलं. तिने खरंच छान पुसली. भिंगाला बोट न लावता, फुंकर न मारता. परीटघडीने परवा रुमालाने खसाखसा घासली होती. त्याला बोलले नाही, पोरगा गुणी आहे.

३ ऑक्टोबर, मंगळवार

तिला उभं केलं. सरळ विचारलं, "तुमचा उत्क्रांतीवर विश्वास आहे की नाही?"

"विश्वास कशाला, मॅडम? मी मोजलंय ना."

"हो की नाही, एवढंच विचारलंय."

"तसं एका शब्दात..."

"बघा!" मी वर्गाकडे वळले. "अशी माणसं उद्या शाळेत जाणार. मुलांनी सरळ प्रश्न विचारला की ही घुटमळणार." उभंच ठेवलं तिला, तास संपेपर्यंत. पस्तीस मिनिटं. मधेच तिने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. गुडघा दुखत असावा. बसा म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. म्हटलं नाही.

जेवताना ह्यांना हा किस्सा सांगितला. मला वाटलं हसतील. हे म्हणाले, "बरोबरच बोलली की ती." आयुष्यभर वजनमापं खात्यात दुकानदारांचे तराजू तपासले, त्यांना मोजलं म्हटलं की पुरे! निवृत्त झाल्यापासून घरातली आगपेटीसुद्धा मोजून घेतात.

११ ऑक्टोबर, बुधवार

उद्या मावशीचा मोठा पाठ. विषय मीच दिला – उत्क्रांतीचे पुरावे, नववीचा वर्ग. पन्नासपैकी वीस मिळाले तर पास. नापास झाली तर एकदा पुन्हा संधी, त्यातही गेली तर अख्खं वर्ष पुन्हा. म्हणजे शाळेतली ती जागा गेलीच.

टाचण तपासायला आणलं होतं. तक्ते स्वतः काढलेत. प्रत्येक मुद्द्यापुढे समासात एक ओळ – 'हे कशावरून?' सगळीकडे तेच! मी लाल पेनाने एकेक खोडलं. शंका पेरायची ही जुनी युक्ती आहे, मी काय आज ओळखते?

१२ ऑक्टोबर, गुरुवार

पन्नासपैकी सतरा.

लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच शंका नको. सुरुवात चांगली झाली. मुलं पुढे सरकून ऐकत होती, हे खरं. तिने फळ्यावर तीन वर्तुळं काढली, मोठं, मध्यम, बारीक, आणि विचारलं, "दर पाच वर्षांनी मी हे मोजलं. काय झालं असेल?" पोरांनी एकच गलका केला. एकजण म्हणाला औषध शिळं झालं. ती म्हणाली, "शाब्बास! मग औषध शिळं झालं नाही, हे कसं तपासशील?" पुन्हा गलका. कुणी म्हणे नवी बाटली फोडायची, कुणी म्हणे जुने जंतू जपून ठेवायचे. अकरा मिनिटं त्यातच गेली.

मी मागच्या बाकावरून उठले आणि मुलांसमोरच म्हटलं, "बाई, पुरावे किती? पुस्तकात पाच आहेत. तुमचा अजून पहिलाही झाला नाही." तिचा हात फळ्यावर तसाच राहिला. मग तिने पाचही पुरावे भराभर लिहून काढले, आवाज खाली गेला, खडू दोनदा मोडला. मुलं सुस्तावली. निरीक्षण वहीत मी शेरा लिहिला – 'वर्गावर ताबा नाही. विषयावर निष्ठा नाही.' निष्ठा हा शब्द लिहून झाल्यावर क्षणभर अडखळले. पण तोवर शाई वाळली होती.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

पाठाची चर्चा. नवी पद्धत काढली. मावशी फळ्यापाशी उभी, आणि उरलेल्या सत्तावीस जणांनी प्रत्येकी एक दोष सांगायचा. आधी सांगितलेला पुन्हा चालणार नाही.

पहिली दहाबारा ठीक गेली. वेळ, फळ्यावरचं अक्षर, खडू मोडणं. अठराव्यानंतर पोरांना दोष सापडेनात. मग 'आवाज चिरका' झालं, मग 'चप्पल वाजते' आलं, मग केस. एकजण म्हणाला, "मॅडम, त्या वयस्कर दिसतात." मी म्हटलं, "पुढचा." परीटघडीने छान सांगितलं, "त्या मुलांना फार बोलू देतात." ते मी फळ्यावर लिहायला लावलं. तिलाच!

सत्ताविसावी पोरगी रडायला लागली, मला काही सुचत नाही म्हणे. तेव्हा मावशीच हळूच म्हणाली, "सांग गं, मी जास्त प्रश्न विचारते म्हणून सांग." पोरीने तसंच म्हटलं. झाले सत्तावीस.

मावशी रडली नाही. मला ते आवडलं नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

आठवडाभर तिने हात वर केलेला नाही. सगळं उतरवून घेते. माझं वाक्य सुरू झालं की मान हलवायला लागते. सूक्ष्मदर्शकं न सांगता पुसते.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसऱ्यांदा फॉर्म भरून घेतले आणि लगेच बेरजा केल्या. अठ्ठावन्नाची सरासरी एक्याऐंशी! तेवीस गुणांची वाढ! परीटघडी शंभरावर कायम. आणि मावशी – बेचाळीसवरून शंभर!! दगडाला पाझर फोडला मी. निबंधात तिच्यावर वेगळा परिच्छेद घातला, 'एका प्रौढ प्रशिक्षणार्थीमधील परिवर्तन'. दुपारी निबंध पाठवून दिला. प्राचार्यांनी हातात हात घेतला. "उत्तम, उत्तम!"

येताना स्वतःसाठी एक पेन घेतलं. महागाचं.

५ नोव्हेंबर, रविवार

ह्यांनी माझे फॉर्म पुढ्यात ओढले. मी नको म्हणत होते. "बेरजा पडताळतो फक्त," म्हणाले. चष्मा, पट्टी, पेन्सिल, सगळा जुना थाट. पहिला फॉर्म हातात घेतला आणि वाक्यं वाचायला लागले. यांना प्रत्येक गोष्ट वाचायची असते.

"अगं, 'गरज पडली की अवयव फुटतो' हे बरोबर आहे का?"

"छे! चूक आहे. मुद्दाम घातलंय."

"मग याला सहमत म्हणणाऱ्याला पाच गुण कसे?"

मी स्वयंपाकघरात होते. हात ओले. तिथेच उभी राहिले.

"ही चौदा वाक्यं चुकीची आहेत," हे म्हणाले. "इथे नाही म्हणणाऱ्याला पाच मिळायला हवेत. तू सगळ्यांना एकाच बाजूने मोजलंस. काटाच उलटा बसवलायस."

हे मी दुसऱ्यांना शिकवते! दरवर्षी! प्रश्नावलीतली उलटी वाक्यं उलटी मोजायची, हे मी फळ्यावर चौकट काढून सांगते.

मी ओरडले. तुम्हाला काय कळतं, म्हटलं. तराजू तपासणं वेगळं. ह्यांनी फॉर्मवर पट्टी सरळ केली. एकेक फॉर्म पुन्हा मोजत राहिले आणि शेजारी कागदावर लिहीत गेले. दोन तास. मी मधे एकदा चहा नेऊन ठेवला, तो तसाच निवला.

पहिल्या वेळची खरी सरासरी सत्तर. दुसऱ्या वेळची सत्तावन्न.

म्हणजे मी आठ आठवडे शिकवलं आणि वर्ग तेरा गुणांनी खाली आला. हो म्हणायला शिकला फक्त. बरोबरलाही हो, चूकलाही हो.

परीटघडीने दोन्ही वेळा वीसच्या वीस वाक्यांना पूर्ण सहमत केलेलं. उत्क्रांती होते – सहमत! उत्क्रांती होत नाही – सहमत! "हा तर होयबा," हे म्हणाले. खरे गुण चव्वेचाळीस.

आणि सव्वीस नंबर. पहिल्यांदा अठ्ठ्याण्णव. वर्गात पहिली. चौदाही मूर्खपणांना ठाम नाही. सहा बरोबरपैकी पाचांना ठाम हो. एकाच वाक्यापुढे मधल्या चौकोनात खूण – 'उत्क्रांती शिकवण्याइतकी माझी तयारी आहे.' तिथे 'सांगता येत नाही'. दुसऱ्या वेळी वीसच्या वीस, पूर्ण सहमत. पेन इतकं दाबलेलं की खुणा मागून हाताला लागतात.

ह्यांनी विचारलं, "ही कोण?"

मी म्हटलं, "आहे एक."

लाज वाटली. आणि लगेच राग आला – तिचाच! तिला काय झालं होतं ठणकावून सांगायला? हे लिहिताना माझं मलाच कळतंय की मी काय लिहितेय. तरी राग आहेच.

६ नोव्हेंबर, सोमवार

हे सकाळी म्हणाले, "निबंध परत मागव आणि त्या बाईला सांग. चुकून खोटं वजन वापरलं तर आम्ही समज देऊन सोडायचो. माहीत झाल्यावर वापरलं तर दुकानाला सील."

मी बूट चढवत राहिले.

प्राचार्यांच्या दाराशी गेले होते. आत जाऊन काय म्हणणार? पंचवीस वर्षं शिकवणारी बाई बेरीज चुकली? पाटी, दाराची मूठ, आतून त्यांचं कुणाला तरी उत्तम, उत्तम. परत फिरले.

असं ठरवलंय – निबंध जाऊ दे. कोण बघतंय? मावशीला गुरुवारी दुसरा पाठ आहे, त्यात पास करायचं. चांगले गुण द्यायचे. तिला नोकरी मिळाली की तिचं नुकसान भरून निघालं. मग माझ्याकडून काही राहिलं नाही.

८ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांनी त्यांची कागदाची पानं नीट घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे काही मागत नाहीत. मीठ लागलं तर उठून घेतात.

९ नोव्हेंबर, गुरुवार

मावशीचा दुसरा पाठ. तोच विषय, तोच वर्ग.

पाठाआधी तिला बाजूला घेतलं. आवाज शक्य तितका मऊ केला. "ते तुमच्या लॅबमधलं, वर्तुळांचं, ते जरूर घ्या. छान आहे ते." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सापळा लावतेय आणि तिला तो दिसलाय. "नको, मॅडम," म्हणाली. "पुस्तकात नाही ते."

पाच पुरावे, प्रत्येकी सहा मिनिटं. माझी वाक्यं जशीच्या तशी, मी जिथे श्वास घेते तिथे श्वास घेऊन. मागच्या वेळी औषध शिळं झालं म्हणालेला मुलगा हात वर करून बसला होता. दोनतीन मिनिटं तसाच. तिने तिकडे पाहिलंच नाही. शेवटी त्याने दुसऱ्या हाताने हात धरला, मग खाली घेतला. फळा स्वच्छ, अक्षर सरळ, खडू एकही मोडला नाही. घंटेला बरोबर संपवलं.

पन्नासपैकी चव्वेचाळीस दिले. वाईट पाठाला इतके गुण मी जन्मात दिले नव्हते. शेरा – 'लक्षणीय प्रगती.'

वहीत गुण बघून तिचे डोळे भरून आले. सत्तावीस जणांपुढे रडली नव्हती, ती आता रडली. "तुम्ही कडक वागलात म्हणून झालं, मॅडम," म्हणाली. "नाहीतर मी आपली लॅबमध्येच अडकले असते."

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. तुमचे अठ्ठ्याण्णव होते, पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, "शुभेच्छा."

१५ डिसेंबर, शुक्रवार

निबंध स्वीकारला. तपासणाऱ्याने मावशीच्या परिच्छेदाचं विशेष कौतुक केलंय. खुर्चीचंही ठरलं, एक तारखेपासून. ह्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले आणि फिरायला गेले.

मावशीला त्या शाळेत नेमणूक मिळाली, असं परीटघडी सांगत होता.

१९ जानेवारी, शुक्रवार

मावशीचा फोन. आवाज ओळखूच आला नाही, इतका भरदार. वर्ग छान चाललाय म्हणाली. पोरं चिडीचूप बसतात. "एक मुलगी होती मॅडम, हुशार, पण सारखं आपलं 'कशावरून, कशावरून?' मग तिला फळ्यापाशी उभं केलं आणि बाकीच्यांना एकेक दोष सांगायला लावला. चाळीस जण होते. आता नाही विचारत. माझी स्वतःचीच मुलगी हो. पण वर्गात सगळी सारखी, नाही का?"

मी म्हटलं, "हो."